ऑइल पेंटमध्ये हवा तो रंग जुळत नाही. कलर चार्ट (रंगांच्या मिश्रणांचा तक्ता) बनवून खरंच फायदा होतो का, की तयार चार्ट छापून वापरला तरी चालेल?

फायदा होतो, भरपूर होतो. पण चार्ट स्वतःच्या हाताने, स्वतःच्या ट्यूबांतून बनवला तरच. छापलेल्या चार्टमधला रंग प्रिंटरच्या शाईचा असतो, तो तुमच्या पॅलेटवर उतरणार कसा? शिवाय एकाच नावाची ट्यूब कंपनीगणिक वेगळी निघते. म्हणून नावाबरोबर पिगमेंटचा, म्हणजे रंगद्रव्याचा, कोड वाचायची सवय लावा. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, थॅलो ब्लू म्हणजे पीबी १५. ‘कॅडमियम यलो ह्यू’ असं लिहिलेल्या ट्यूबमध्ये कॅडमियम नसतं, त्यामुळे मिश्रणात ती वेगळीच वागते.

टायटॅनियम व्हाइट आणि आणखी पाच रंग सुरुवातीला पुरेत: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अलिझरिन क्रिमसन, अल्ट्रामरीन. (अलिझरिन ‘परमनंट’ लिहिलेलं घ्या, जुनं पीआर ८३ उजेडाने उडतं.) पाच रंगांच्या जोड्या होतात १०. प्रत्येक जोडी आधी पांढऱ्याशिवाय लावा, मग पांढरा वाढवत चार पायऱ्या उजळत न्या. असे ५० चौकोन झाले. जेसो (रंगाखाली द्यायचा पांढरा अस्तर-लेप) दिलेल्या जाड कागदावर मास्किंग टेपने आखा आणि मिसळायला पॅलेट नाइफच घ्या, कारण ब्रशच्या केसांत आधीचा रंग दडून राहतो.

अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाच्या जोडीला जास्त वेळ द्या. दाट लावली की जवळजवळ काळी दिसते. पांढरा पडला की तिच्यातून करडे रंग उलगडत जातात. निळा किंचित जास्त झाला तर पावसाळी ढगासारखे, सिएना जास्त झाली तर उबदार, मातकट. ट्यूबमधल्या काळ्याने ही मजा येत नाही. मला विचाराल तर अख्ख्या चार्टमधली सर्वात शिकवणारी जोडी हीच.

आता रंग जुळवण्याबद्दल. हार्डवेअरच्या दुकानातून भिंतीच्या रंगांचं शेड कार्ड आणा, त्यातली एक पट्टी निवडा, वर पारदर्शक प्लास्टिक ठेवा आणि तुमचं मिश्रण थेट त्यावर टेकवून पाहा. ठिपका पट्टीत विरघळून दिसेनासा झाला की जुळला. क्रम मात्र पाळा. आधी टोन, म्हणजे रंग किती उजळ किंवा गडद आहे ते. डोळे बारीक करून पाहिलं की कळतं. मग तो कोणत्या रंगाकडे झुकतोय ते. आणि शेवटी त्याचा भडकपणा. बहुतेक जण पहिल्याच पायरीवर टोन सोडून ‘थोडा लाल, थोडा पिवळा’ करत बसतात आणि पॅलेटवर रंगाचा डोंगर होतो.

नंतर खऱ्या वस्तूकडे वळा. आंब्याचं जून पान घ्या. लेमन यलो आणि अल्ट्रामरीनचं हिरवं त्याच्या शेजारी लगेच उपरं दिसेल. त्यात चिमूटभर बर्न्ट सिएना घाला, भडकपणा खाली बसतो. पानाच्या तुकतुकीत भागावर आकाश उमटतं, तिथे मात्र हिरवा जवळपास नसतोच, निळसर करडा असतो. आपल्याकडची गव्हाळ-सावळी त्वचा रंगवतानाही असंच बारीक पाहावं लागतं. उजळ करायला नुसता पांढरा ओतला की चेहरा राखेसारखा होतो. पांढऱ्याबरोबर ऑकर किंवा सिएनाही वाढवत न्यावी लागते.

हे सगळं दिवसाच्या उजेडात करा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग सकाळी खिडकीपाशी वेगळा निघू शकतो. शेजारच्या रंगाचा परिणामही विसरू नका. पॅरिसच्या गोबेलँ या चित्रपट विणणाऱ्या (टॅपेस्ट्रीच्या) कारखान्यात काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा तिथल्या रंगाई विभागाचा प्रमुख शेव्हरल याने शोध घेतला. दोष काळ्या रंगात नव्हता, त्याच्या शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो तसा दिसत होता. त्याने १८३९ मध्ये हे सविस्तर मांडलं. म्हणून मिसळायला पांढऱ्याशुभ्र पॅलेटऐवजी मध्यम करडा पॅलेट घ्या. काचेच्या पॅलेटखाली करडा कागद सरकवला तरी काम होतं.

चौकोन वाळले की अल्ट्रामरीन-सिएनाचे गडद चौकोन कधीकधी निस्तेज, फिके दिसू लागतात. वरून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून जास्तीचं तेल पुसून टाकलं की मूळ खोली परत येते. चार्ट कपाटात बंद ठेवू नका. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं आणि पांढऱ्याजवळचे चौकोन सगळ्यात आधी बिघडतात. पॅलेटच्या शेजारी, उजेड येईल अशा भिंतीवर लावा.