'फायरफॉक्स' या चित्रपटातले विमान कितपत खरे आहे, आणि चित्रपट आज पाहावा का?

विमान जवळजवळ पूर्णपणे कल्पनेतले आहे. तरीही चित्रपट पाहावा असे मी म्हणेन, मात्र हवाई लढाईसाठी नव्हे, तर तिच्याआधी जे घडते त्यासाठी.

क्रेग थॉमस या वेल्श लेखकाची कादंबरी 1977 साली आली. क्लिंट ईस्टवुडने 1982 मध्ये तिच्यावर चित्रपट काढला, दिग्दर्शन केले आणि मुख्य भूमिकाही स्वतःच केली. रडारला न दिसणारे, ध्वनीच्या पाच-सहा पट वेगाने उडणारे आणि वैमानिकाच्या मनातल्या आज्ञेवर शस्त्रे डागणारे मिग-31 हे विमान सोव्हिएत संघाने तयार केले आहे, आणि ते पळवून आणण्यासाठी व्हिएतनामच्या आठवणींनी खचलेल्या मिचेल गँट या अमेरिकी वैमानिकाला खोट्या नावाने मॉस्कोत धाडले जाते, अशी ही कथा आहे.

या कथेमागची भीती मात्र खरी होती. मिग-25 या विमानाचा पाश्चात्त्य देशांनी फार धसका घेतला होता. 6 सप्टेंबर 1976 रोजी व्हिक्टर बेलेंको हा सोव्हिएत वैमानिक तेच विमान घेऊन पळाला आणि जपानमधील हाकोदाते येथे उतरला. विमान उघडून पाहिल्यावर त्याचा सांगाडा टायटॅनियमचा नसून मुख्यतः पोलादाचा आणि म्हणून चांगलाच जड असल्याचे दिसले, तर आतल्या विद्युत यंत्रणेत जुन्या पद्धतीच्या व्हॅक्यूम ट्यूब निघाल्या. शेवटी ते सुटे करून, खोक्यांत भरून परत पाठवण्यात आले. त्याची वेगमर्यादा ध्वनीच्या 2.83 पट होती, आणि एवढ्या वेगालाच पृष्ठभाग इतका तापतो की साध्या ॲल्युमिनियमचा निभाव लागत नाही. मग सहापट वेगाने निघालेल्या फायरफॉक्सचे काय झाले असते याचा अंदाज तुम्हीच बांधा. (हेच मिग-25 आपल्या हवाई दलाने 'गरुड' या नावाने 1981 ते 2006 या काळात टेहळणीसाठी वापरले.) मिग-31 नावाचे खरे विमानही पुढे आले, पण ते मिग-25 चेच सुधारलेले भावंड आहे आणि रडारला व्यवस्थित दिसते.

तांत्रिकदृष्ट्या सर्वांत अशक्य वाटणारी कल्पनाच मला कथा म्हणून सर्वांत आवडते. शस्त्रे विचाराने चालतात, पण तो विचार रशियन भाषेत करावा लागतो. गँटची आई रशियन असल्यामुळे त्याला ती भाषा येते, आणि या कामगिरीसाठी त्याची निवड होण्यामागे तेही एक कारण आहे. परंतु भाषा येणे वेगळे आणि जीव धोक्यात असताना त्याच भाषेत विचार सुचणे वेगळे. वर्षानुवर्षे इंग्रजीत कारभार करणारा मराठी माणूसही नोटा मोजताना ओठांतल्या ओठांत 'एक, दोन, तीन'च म्हणतो, हे आठवले की गँटची अडचण लगेच ध्यानात येते. शेवट सांगून तुमचा रसभंग करत नाही, पण चित्रपटाने ही कल्पना शेवटासाठी नेमकी राखून ठेवली आहे.

जवळजवळ निम्मा चित्रपट होईपर्यंत विमान आकाशात झेपावत नाही, आणि बऱ्याच प्रेक्षकांची तक्रार हीच असते. मला तोच भाग सरस वाटतो. शीतयुद्धामुळे मॉस्कोत चित्रीकरण शक्य नव्हते, म्हणून व्हिएन्नाचे रस्ते मॉस्को म्हणून दाखवले आहेत, आणि त्या थंड, अंधाऱ्या रस्त्यांवर कागदपत्रे तपासली जात असताना घामाघूम झालेला गँट पाहून हा माणूस विमानापर्यंत पोहोचणार तरी कसा, असे वाटत राहते. त्याला मदत करणारी माणसे एकेक करून जीव गमावतात. 'येस मिनिस्टर' या ब्रिटिश विनोदी मालिकेतले सर हंफ्री ज्यांना आठवतात, त्यांनी नायजेल हॉथॉर्नने साकारलेला शास्त्रज्ञ बारानोविच अवश्य पाहावा. आपण यातून वाचणार नाही हे ठाऊक असलेला माणूस तो किती शांतपणे उभा करतो! उड्डाणाची दृश्ये विशेष दृश्यपरिणामांचे तज्ज्ञ जॉन डायक्स्ट्रा यांच्या देखरेखीखाली झाली. काळे चकचकीत विमान पांढऱ्या बर्फावर दाखवायचे म्हणून त्यांना नेहमीपेक्षा वेगळे छायाचित्रण तंत्र वापरावे लागले, तरी आज त्यांतली काही दृश्ये जुनाट दिसतात.

कादंबरीत गँटचा माग काढणाऱ्या सोव्हिएत जनरल व्लादिमिरोव्हच्या डोक्यात काय चालले आहे ते अधिक तपशिलाने येते. गँट कुठल्या दिशेने जाईल याचा त्याचा तर्क बरोबर असतो, पण वरिष्ठांपुढे त्याचे चालत नाही. त्यामुळे आधी चित्रपट पाहा, आणि हा जनरल मनात घर करून राहिला तर कादंबरी हाती घ्या.