रॉक बँडने राजकारण गावं का?

प्रश्न: हल्ली कुठल्याही रॉक कॉन्सर्टला जा, दोन गाण्यांच्या मध्ये भाषण ठरलेलंच. तिकिटाचे पैसे आम्ही गाणी ऐकायला देतो, उपदेश ऐकायला नाही. बँडवाल्यांनी राजकारणात पडूच नये असं नाही वाटत तुम्हाला?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: भाषणांचा कंटाळा येतो हे अगदी मान्य, पण गाण्यातून राजकारण काढाच म्हणाल तर नाही पटत. ऑस्ट्रेलियाचा मिडनाइट ऑइल हा रॉक बँड घ्या. १९८६ साली हे लोक वारुम्पी बँडबरोबर वाळवंटातल्या आदिवासी वस्त्यांमध्ये वाजवत फिरले आणि पुढच्याच वर्षी त्यांचं 'बेड्स आर बर्निंग' हे गाणं आलं. सुरुवातीला ब्रासचे, म्हणजे ट्रंपेटसारख्या पितळी वाद्यांचे, ते तीन दणके आणि मग लगेच घोषणा नाही, तर आधी ४५ डिग्रीचं ऊन, मोडक्या गाड्या, पुढे गाडीला बिचकणारे काकाकुवे, किंटोर, युएन्डुमू ही खऱ्या वस्त्यांची नावं, आणि या सगळ्याच्या जोडीने गाणं सरळ सांगतं की जमीन आदिवासींची आहे, परत द्या. पिंटुपी या वाळवंटातल्या आदिवासी लोकांना त्यांच्या मुलखातून हलवलेलं हे ज्याला माहीतही नाही तोसुद्धा त्यावर नाचतो, गाणं म्हणून ते इतकं पक्कं आहे!

२००० साली सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात हेच गाणं त्यांनी 'सॉरी' छापलेले काळे कपडे घालून वाजवलं, आणि आदिवासींची मुलं आईबापांपासून तोडली त्याबद्दल सरकारतर्फे माफी मागायला नकार देणारे पंतप्रधान जॉन हॉवर्ड तिथेच स्टेडियममध्ये बसलेले. एक शब्द भाषण नाही. मला तरी यापेक्षा थेट काही सुचत नाही. सरकारने माफी मागितली ती २००८ मध्ये, तोवर हॉवर्ड जाऊन केविन रड आले होते. गाण्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, पण ते दुखणं जगभर पोचवलं या गाण्याने हे नक्की.

याची किंमतही असते बरं का. त्यांचा गायक पीटर गॅरेट पुढे पर्यावरणमंत्री झाला आणि आयुष्यभर अणुविरोधी गाणाऱ्या या माणसाने २००९ मध्ये युरेनियमच्या नव्या खाणीला मंजुरी दिली. जुने चाहते भडकले आणि माझ्या मते बरोबरच भडकले, स्टेजवरून बोललात तर लोक जाब विचारणारच.

तेव्हा ज्या बँडवर वैतागलात त्यांचं तेच गाणं एकदा घरी शांतपणे ऐका. त्यात एखादं गाव, एखादा माणूस, एखादी घडलेली गोष्ट सापडते का बघा. नुसत्याच 'सिस्टीम'ला शिव्या असतील तर तुमची तक्रार शंभर टक्के खरी.