माणसं वाढली, मग नोकरी कुठंय?

प्रश्न : कमावत्या वयाची माणसं देशात वाढली म्हणतात. मग माझा इंजिनिअर मुलगा घरी का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, तो आकडा वयाचा आहे, नोकरीचा नव्हे. १५ ते ६४ वयाचे सगळे त्यात येतात. तुमचा मुलगा, आणि पेन्शनीतला मीसुद्धा! १९६५च्या सुमारास देशाच्या लोकसंख्येत यांचा वाटा ५५ टक्क्यांच्या आसपास होता, आता ६८. कारण पाळणे कमी हलले, मुलांचा वाटा घटला. आईला आम्ही सहा, मला एकच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ निघाला. पण पुढे म्हातारे वाढले की कमावत्या वयाचा वाटा उतरतो : चीनचा २०१०च्या सुमारास शिखरावर पोचून उतरू लागला. आमच्या सदाशिव पेठेतल्या इमारतीत तर उतार आधीच लागलाय : आठांपैकी पाच घरांत नुसते म्हातारे. दूधवाला अर्ध्या लिटरवर आलाय.