कॅटलॉगमध्ये आयुष्य दिलेले असते, मग संशोधन कशाला?

प्रश्न : माझा मुलगा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असून त्याचा सीजीपीए ७.१ आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्याने बेअरिंग आणि गिअरमधील फटीगचे, म्हणजे वारंवार भार येऊन धातू थकण्याचे, मॉडेलिंग हाच विषय धरून ठेवला आहे आणि पुढे एम.टेक.ही त्यातच करायचे म्हणतो. मी साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे. बेअरिंगचे आयुष्य कॅटलॉगमध्ये दिलेले असते, ते संपले की बदलायचे. त्यात संशोधन ते काय? आम्ही त्याच्यासाठी डेटा सायन्सच्या कोर्सची फी भरली आहे. त्याला अजून सांगितलेले नाही. त्याची समजूत कशी घालावी?
– एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : आपले पत्र वाचताना मी अडखळलो ते ‘त्याला अजून सांगितलेले नाही’ या वाक्यापाशी. सज्ञान मुलाची फी त्याच्या नकळत भरायची आणि मग समजूत कशी घालावी हे तिऱ्हाइताला विचारायचे, याला मार्गदर्शन मागणे म्हणत नाहीत. निर्णय झालेला आहे आणि त्यावर आपल्याला माझी सही हवी आहे. ती मी करणार नाही. हा विषय त्याला का आवडला, याचा पत्रात उल्लेखही नाही, आणि आपण ते त्याला कधी विचारले असावे असेही वाटत नाही. माझा अंदाज असा, की घरात लहानपणापासून ज्या कामाच्या गोष्टी त्याने ऐकल्या, त्याच कामाचे शास्त्र त्याला शिकायचे आहे, आणि ‘त्यात काय’ असे म्हणून आपण मुलाबरोबर स्वतःच्या कामालाही कमी लेखत आहात. नोकरीची धास्ती मला समजते, पण धास्तीने भरलेली फी हा काही करिअरचा आराखडा नव्हे.

आता कॅटलॉगविषयी, कारण हा गैरसमज मुरलेल्या माणसांचाही असतो. त्यातील आकडा आपल्या हातातल्या बेअरिंगचे आयुष्य सांगत नाही. एकसारख्या बेअरिंगचा मोठा गट ठरावीक भाराखाली चालवला, तर त्यातील ९० टक्के बेअरिंग जो टप्पा गाठतात, तो हा आकडा. १० टक्के त्याआधीच जातात, तर निम्मी त्याच्या साधारण पाचपट किंवा त्याहूनही अधिक टिकतात. हा हिशेब स्वीडनमधील लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन यांनी १९४७ साली मांडलेल्या सूत्रावर उभा आहे. भार दुप्पट झाला की बॉल बेअरिंगचे आयुष्य एक-अष्टमांशावर येते, हे त्यातून कळते. अमुक बेअरिंगमध्ये तडा कोठे आणि कशामुळे सुरू झाला, हे कळत नाही. बॉल रेसवर, म्हणजे ज्या कड्यावर तो धावतो त्यावर, जेथे टेकतो ती जागा इतकी लहान असते की तेथील दाब प्रचंड होतो, आणि कातरणारा ताण पृष्ठभागाच्या किंचित खाली सर्वाधिक असतो. पोलादात तेथेच ऑक्साइडचा एखादा बारीक कण अडकलेला असला, तर त्याच्या कडेने तडा जन्म घेतो, फेऱ्यांगणिक वर सरकतो आणि शेवटी रेसचा टवका उडतो. ग्रीसमध्ये कचरा किंवा पाणी गेले असेल, तर सुरुवात पृष्ठभागावरूनच होते. गिअरच्या दातांवर लोळण्याबरोबर घसरणेही असते, म्हणून पिटिंग, म्हणजे बारीक खड्डे पडणे, बहुधा पिच लाइनच्या (दाताच्या उंचीच्या साधारण मध्यावरील रेषेच्या) जवळ, दाताच्या मुळाच्या बाजूला आधी दिसते. पवनचक्क्यांच्या गिअरबॉक्समध्ये तर वीस वर्षांच्या हिशेबाने निवडलेली काही बेअरिंग थोड्याच वर्षांत तडकली. त्यांच्या तड्यांभोवती सूक्ष्मदर्शकाखाली जो पांढरा पट्टा दिसतो, त्याच्या कारणावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. एवढे सगळे बाकी असताना त्यात संशोधन ते काय, असे आपण विचारता.

शिवाय डेटा सायन्स की बेअरिंग, हे भांडणच खोटे आहे. धातूचे स्फटिककण आणि त्यातील दोष संगणकावर यदृच्छया मांडायचे, लाखो फेऱ्यांचे नुकसान साठवत न्यायचे आणि शेकडो आभासी बेअरिंगच्या आयुष्यांचा विखुरलेपणा प्रत्यक्षाशी जुळतो का ते पाहायचे, हे प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्राशिवाय होत नाही. कोर्स त्याला दाखवा. उपयोगी वाटला तर तो स्वतःहून करील, नाही तर फीवर पाणी सोडा. एम.टेक.साठी गेट ही प्रवेशपरीक्षा आहेच, ७.१ मुळे काही अडत नाही. चिंचवड-चाकण पट्ट्यात बेअरिंग आणि गिअरबॉक्सचे कारखानेही आहेत.

मात्र खरे काम मी आपल्यालाच सांगणार आहे. गाळप हंगाम संपल्यावर ओव्हरहॉलिंगमध्ये निघालेली बेअरिंग भंगारात जाण्यापूर्वी, व्यवस्थापनाची परवानगी घेऊन, मुलाला दाखवा. प्रत्येकाबरोबर ते कोणत्या यंत्राचे, भार कोणत्या बाजूने होता, किती तास चालले, ग्रीसमध्ये पाणी शिरले होते का, हे आपल्या नोंदवहीतून काढून द्या. टवका रेसच्या कोणत्या भागात उडाला आहे, हे त्याला भिंगाखाली पाहू द्या. ताणाचे रंगीत नकाशे (स्ट्रेस प्लॉट) काढून थांबणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. स्वतःचे मॉडेल तपासायला नोंदीसह खराब झालेली बेअरिंग फार थोड्यांना मिळतात.

त्याला माझा एक निरोपही द्यावा : संपूर्ण गिअरबॉक्सचे मॉडेल एका वर्षात करायला जाऊ नकोस. एक बेअरिंग, एक भार आणि पाण्याने बिघडलेले ग्रीस एवढाच प्रश्न घे, आणि मॉडेलचे उत्तर जेथे चुकेल तो भाग अहवालातून गाळू नकोस.