२४ फ्लॅटसाठी पूर्ण प्रीकास्ट? जुळे सोलापूरच्या प्रश्नाला उत्तर

पार्किंगवर तीन मजले, २४ फ्लॅट, सगळं प्रीकास्टमध्ये (भिंती, स्लॅब आधीच साच्यात ओतून मग जागेवर जोडायचे) परवडेल का, असं तुम्ही विचारलंय. पूर्ण प्रीकास्ट नको. एवढ्याशा कामात साच्यांचा खर्चच वसूल होत नाही.

माल पुण्याकडून आणला तर अडीचशे किलोमीटर ट्रेलरभाडं. त्यात ३ बाय ३ मीटर, १५० मिमी जाडीचं पॅनेल जवळपास ३.४ टन भरतं. हायड्रा, म्हणजे साइटवरची छोटी फिरती क्रेन, ते जमिनीवर उचलेल, पण बूम (क्रेनचा हात) लांबवून तिसऱ्या मजल्यावर ठेवताना तिची ताकद झपाट्याने उतरते. किती लांबीवर किती वजन पेलेल ते सांगणारा लोड चार्ट पाहिल्याशिवाय क्रेन ठरवू नका.

कराचंही गणित आहे. एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असताना विकलेल्या फ्लॅटवर १ किंवा ५ टक्के जीएसटी लागतो, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे मालावर भरलेल्या कराची वजावट, नाही. म्हणजे तयार पॅनेलवरचे १८ टक्के थेट तुमच्या खर्चात जातात. साइटवर ओतलं तर निदान स्वतःच्या मजुरांच्या पगारावर कर नसतो.

बुकिंगनंतर ओटा, देवघर, स्विच बोर्ड हलवायची आपल्याकडची सवय इथे चालत नाही. नंतर वायर-पाइपसाठी भिंतीत झिरी मारली की सळई कापली जाते.

खरा धोका सांध्यांत आहे. १९९३ चं किल्लारी इथून लांब नाही, आणि भूकंपाचा जोर सांध्यावरच येतो. पॅनेलच्या स्लीव्हमध्ये (आत बसवलेली नळी) सळई घालून नॉन-श्रिंक ग्राउट, म्हणजे सुकताना न आकसणारा सिमेंटचा पातळ मसाला, खालच्या भोकातून पंपाने भरायचं. वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय सलग बाहेर आलं की बूच मारायचं. मे महिन्याच्या उन्हात ते पंपातच घट्ट होऊ लागतं आणि कामगार वरून पाणी ओततात. तिथेच ताकद गेली. गोण्या सावलीत, पाणी थंड आणि मोजून, काम पहाटे. अर्धी भरलेली स्लीव्ह बाहेरून दिसत नाही, म्हणून प्रत्येक स्लीव्हची नोंद इंजिनिअरने समोर उभं राहून करावी. बाहेरच्या सांध्यात आधी बॅकर रॉड (फोमची गोल दोरी), मग पीयू सीलंट (रबरासारखं ताणणारं भरण). नुसतं सिमेंट भरलं तर उन्हाळ्यात भेग आणि पावसाळ्यात गळती ठरलेली. खाली काळी माती असेल आणि पाया हलला, तर आधी हेच सांधे उघडतात.

तुम्ही कॉलम-बीम जागेवरच ओता. स्लॅबला रुरकीच्या सीबीआरआय या सरकारी बांधकाम संशोधन संस्थेची प्लँक-जॉइस्ट पद्धत घ्या: छोट्या तुळयांवर (जॉइस्ट) काँक्रीटच्या फळ्या (प्लँक) मांडायच्या. दीड मीटर लांब, ३० सेंमी रुंद प्लँक साधारण ५० किलोची, दोन माणसं उचलतात; साइटवरच ओतता येते आणि सेंटरिंग (खालचे टेकू-फळ्या) बरंच वाचतं. वर जाळी टाकून काँक्रीट आणि बीममध्ये सळयांची बांधणी मात्र हवीच, नाहीतर भूकंपात मजला एकसंध हलणार नाही. जिना, लिंटेल (दार-खिडकीवरची तुळई), कंपाउंड वॉल खुशाल प्रीकास्ट करा.

त्याआधी आर्किटेक्टकडून सगळ्या बेडरूमची रुंदी एकच करून घ्या, म्हणजे प्लँकचे तेच साचे शेवटच्या स्लॅबपर्यंत चालतील.