जर्मनीत सरकारी आरोग्य विमा आहे, दाढेला कॅप सांगितलीय. स्वस्तात चांगलं काम कुठे होईल?

पाटीवर ‘आले कासेन’ (सगळे सरकारी विमे चालतात) लिहिलेला डेंटिस्ट गाठा आणि दाढ घासू देण्याआधी त्याच्याकडून ‘हाइल उंड कॉस्टेनप्लान’ (खर्चाचा आराखडा) घेऊन तो विम्याकडून मंजूर करून घ्या. कारण विम्याचा वाटा बांधलेला असतो: नियमात बसणाऱ्या साध्या कॅपच्या खर्चाच्या 60 टक्के. ‘बोनसहेफ्ट’मध्ये (दातांच्या तपासणीची नोंदवही) सलग 5 वर्षं दरवर्षीच्या तपासणीची नोंद असेल तर 70, 10 वर्षांची असेल तर 75. मागच्या दाढांना नियमातली कॅप धातूची. सिरॅमिक घेतलीत तरी विमा तेवढेच पैसे देतो, वरचा फरक तुमच्या खिशातून. बिल फुगतं ते इथेच, तेव्हा दोन्हींचे आकडे वेगळे लिहून मागा आणि तो कागद दुसऱ्या एखाद्या डेंटिस्टला दाखवून भाव विचारा. लॅबचा खर्च दवाखान्यागणिक बदलतो. उत्पन्न फारच कमी असेल तर ‘हेर्टेफाल’चा (कमी उत्पन्नवाल्यांसाठीची सवलत) अर्ज करा, नियमातली कॅप फुकट बसते. सुट्टीत पुण्याला जाऊन कॅप बसवणं कधीकधी खरंच स्वस्त पडतं, पण त्याचे पैसे हा विमा देत नाही आणि जर्मनीतल्या कामाला मिळणारी 2 वर्षांची हमीही जाते.