मोठा इंडेक्स हलवताना टाइमआउट येतोय

प्रश्न: इलास्टिकसर्चचा (डेटा साठवून त्यात शोध घेणारी प्रणाली) मोठा इंडेक्स (डेटाचा संच) रिमोट रीइंडेक्सने (नवा सर्व्हर जुन्यातून डेटा ओढून घेतो ती पद्धत) नव्या सर्व्हरवर हलवतोय, पण मधेच टाइमआउट येतो. काय करू?

उत्तर: आधी बघा टाइमआउट नेमका कुठे येतोय, कारण बऱ्याचदा फक्त तुमचं कनेक्शन तुटतं आणि काम आत चालूच असतं, आणि लोक घाबरून तेच परत सुरू करतात (मग दुप्पट लोड!). रीइंडेक्सच्या विनंतीत वेट फॉर कंप्लिशन (काम संपेपर्यंत थांबायचं का, ते सांगणारा पर्याय) फॉल्स ठेवा म्हणजे टास्क आयडी (त्या कामाचा ओळख क्रमांक) मिळेल, त्यावरून प्रगती बघत राहा. जुना सर्व्हरच धापा टाकत असेल तर सॉकेट टाइमआउट (त्याच्या उत्तराची किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) वाढवा, तो डिफॉल्ट 30 सेकंद असतो, पण माझ्या मते खरा फरक बॅच (एका फेरीत आणायच्या डॉक्युमेंट्सची, म्हणजे नोंदींची संख्या) कमी केल्याने पडतो, डिफॉल्ट 1000 असते, डॉक्युमेंट्स जड असतील तर 100 करून बघा. काम होईपर्यंत नव्या इंडेक्सवर रेप्लिका (डेटाच्या जादा प्रती) 0, रिफ्रेश इंटरव्हल (नवा डेटा किती वेळाने शोधात दिसू लागेल ते) -1, म्हणजे बंद ठेवा, नंतर आठवणीने पूर्ववत करा. स्लाइसिंगच्या (काम तुकडे करून एकाच वेळी चालवणं) नादी लागू नका, रिमोटला ते चालतच नाही.